सोलांजचा मंगळवार

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचण्याइतकी अक्कल माझ्यात नाही. हे माझ्या मेहुण्याच्या, फिर्मां तेसिएच्या बाबतीत घडलं. पॅरिसमध्ये, बातिन्योल भागात, चर्चच्या मागच्या गल्लीतल्या बिस्ट्रोत, म्हणजे छोट्या खानावळीत. ज्यांच्यासमोर घडलं ती दोन माणसं आजही तिथं काम करतात.

आणि ते रात्री घडलं नाही.

भर दुपारी घडलं. नोव्हेंबरचा मंगळवार होता. जेवणाची वेळ. सगळी टेबलं भरलेली, खिडकीतून ऊन आत आलेलं.

म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

फिर्मां म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ. त्यानं जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. बोलणं बेताचं. त्याची बायको सोलांज मार्च महिन्यात गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दुपारी संपली.

दोघं दर शुक्रवारी दुपारी त्या बिस्ट्रोत जेवायची. लग्नानंतर लवकरच सुरू झालेली सवय. शुक्रवारी तिथं खारवलेला मासा आणि बटाटा असतो. फिर्मांला तो फार आवडायचा. आरशाखालचं टेबल त्यांचं.

त्या बिस्ट्रोत एक जुनी रीत आहे. काउंटरच्या मागे लाकडी कपाट आहे, लहान लहान खणांचं. रोजच्या गिऱ्हाइकांचे कापडी नॅपकिन त्या खणांत राहतात. ज्याचा त्याचा खण, ज्याचा त्याचा नॅपकिन. तुम्ही येऊन बसलात की मालकीण, मादाम इव्हेत, तुमचा नॅपकिन आणून तुमच्यापुढे ठेवते.

आणि कोणी वारलं की मादाम इव्हेत त्याचा नॅपकिन काढते, उलगडते, दारात उभी राहून रस्त्याकडे एकदा झटकते. मग धुवून घरच्यांना देते. का, ते तिलाही सांगता येत नाही. तिची सासू करायची म्हणून ती करते.

सोलांज गेल्यावर फिर्मांनं मादाम इव्हेतला तिचा नॅपकिन झटकू दिला नाही.

"राहू द्या तो खणात," तो म्हणाला.

"तशी रीत नाही, मस्यू तेसिए."

"रीत तुमची. बायको माझी."

मादाम इव्हेतनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग नॅपकिन परत खणात ठेवला.

उन्हाळाभर फिर्मां तिकडे फिरकला नाही. सप्टेंबरमध्ये पुन्हा जायला लागला. दर शुक्रवारी, आरशाखाली, समोरची खुर्ची रिकामी. आपला नॅपकिन मांडीवर, तिचा तिच्या ताटाजवळ.

वेड लागलं होतं म्हणा, पण त्याला एकच आशा होती. घरी ती आली नव्हती. दफनभूमीत थंड दगडाशिवाय काही नव्हतं. ती कुठं आलीच तर इथं येईल, आपल्या टेबलावर येईल, असं त्याला वाटायचं. एकदा येऊ दे. एवढंच.

शुक्रवारमागून शुक्रवार गेले.

काही झालं नाही.

मग ऑक्टोबरात एका शुक्रवारी मादाम इव्हेतनं दोन्ही नॅपकिन आणून ठेवले. फिर्मांनं सोलांजचा हातात घेतला...

तो ओलसर होता.

त्यानं उलगडला. मधोमध तांबूस तपकिरी डाग होता.

"जिल्बेर," त्यानं वेटरला हाक मारली.

जिल्बेर तिथला जुना वेटर. त्याची जीभ कात्रीसारखी. "बोला, मस्यू तेसिए. मासा निघालाय. पोहत येतोय, म्हणून उशीर."

"हा कोणी वापरला?"

जिल्बेरनं डाग बघितला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"कोणी नाही."

"डाग दिसतोय ना?"

"धोब्याकडची गडबड असेल."

"हा धोब्याकडे जात नाही. मी सांगून ठेवलंय."

जिल्बेरनं काउंटरकडे बघितलं. मादाम इव्हेत एक ग्लास पुसत होती. तो कधीच कोरडा झाला होता, तरी पुसत होती.

"मी दुसरा देते," ती तिकडूनच म्हणाली.

"दुसरा काय करू?" फिर्मां म्हणाला.

त्यानं तो घरी नेला, हातानं धुतला, इस्त्री केली. सोलांज नॅपकिनची गुंडाळी करून टोक आत खोचायची. फिर्मांला ते जमेना. टोक सारखं सुटायचं. तशीच सैल गुंडाळी त्यानं खणात नेऊन ठेवली.

पुढच्या शुक्रवारी नॅपकिन आला तेव्हा...

गुंडाळी घट्ट होती. टोक बरोबर आत खोचलेलं.

आत पुन्हा तोच डाग. आणि कडेला अर्ध्या ओठाची खूण. विटकरी रंगाची लिपस्टिक. सोलांज दुसरा रंग कधी लावायची नाही.

फिर्मां घाबरला नाही. मला सांगताना तो म्हणाला, "खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की मी मासा तसाच टाकून रडलो."

ती येत होती.

पण रस्त्यानं घरी जाताना त्याचे पाय हळू झाले.

तो डाग माशाचा नव्हता. माशाला तांबूस रस्सा नसतो. बिस्ट्रोच्या दारात खडूनं वारांप्रमाणे पदार्थ लिहिलेला फळा आहे. तो परत फिरला आणि फळ्यापुढे उभा राहिला. वाइनमध्ये शिजवलेलं बीफ...

मंगळवारी.

मंगळवारी दोघं इथं कधीच आली नव्हती. मंगळवारी फिर्मां शहराबाहेर कारखान्यात काच आणायला जायचा. काम सुटल्यावरही तो दिवस मित्रांचाच राहिला, मैदानात लोखंडी गोळ्यांचा खेळ. सोलांज त्या दिवशी घरी असायची.

असं तो समजत होता.

त्या मंगळवारी तो खेळायला गेला नाही.

बिस्ट्रोच्या दारात जिल्बेरनं त्याला अडवलं. हातात दोन ताटं होती.

"आज शुक्रवार नाही, मस्यू तेसिए."

"मला वार कळतात. बसव मला कुठंतरी."

"जागा नाही."

"आरशाखाली रिकामं आहे."

"ते राखून ठेवलंय."

"कोणासाठी?"

जिल्बेरनं स्वयंपाकघराकडे बघितलं.

"जिल्बेर, खोटं बोलायचंच तर आधी हातातली ताटं तरी खाली ठेव. सांडशील."

जिल्बेर बाजूला झाला.

फिर्मां आरशाखाली बसला. आणि आरशात त्याला मागचा कोपरा दिसला, स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा. तिथं एक म्हातारा एकटाच बसला होता. रुंद खांदे, उन्हानं रापलेला चेहरा. फिर्मांनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

म्हाताऱ्यासमोर दोन ताटं होती. दोन ग्लास.

जिल्बेरनं आधी पलीकडचं ताट वाढलं, रिकाम्या खुर्चीपुढचं. मग म्हाताऱ्याचं. जसं बाई बरोबर असली की वाढतात.

म्हातारा हळू आवाजात काहीतरी सांगत होता. खाली बघून, हसत हसत.

पलीकडच्या ताटाजवळ सोलांजचा नॅपकिन होता. उलगडलेला.

आणि पाव...

सोलांज पावाचा मऊ गर बोटांनी कोरून खायची. कड तशीच ठेवायची. "तिच्या आईनं मारलं, मी टोमणे मारले, पण ती सवय गेली नाही," असं फिर्मां नेहमी सांगायचा.

पलीकडच्या ताटाशेजारी पावाच्या दोन कडा पडल्या होत्या. आतून पोकळ.

आधी एकच होती. फिर्मां बघत असताना दुसरी झाली.

तो उठला आणि कोपऱ्याकडे गेला. आजूबाजूचे लोक जेवत होते, बोलत होते. कोणाचं लक्ष नव्हतं.

म्हाताऱ्यानं मान वर केली.

"तुम्ही शुक्रवारवाले," तो म्हणाला.

फिर्मां म्हणाला, "मी तिचा नवरा."

"माहीत आहे. माझं नाव ब्रेव्हां. मी कालव्यावर मालाची बोट चालवायचो. बसा म्हटलं असतं, पण खुर्ची रिकामी नाही."

"ती तुम्हाला दिसते?"

"नाही. कळतं." ब्रेव्हांनं ग्लास थोडा बाजूला सरकवला, जसं कोणाच्या कोपराला लागू नये म्हणून. "हळू बोला. तिला आवाज चढलेला चालत नाही."

"कधीपासून?"

"गेल्यानंतर म्हणता की त्याच्या आधीपासून?"

फिर्मांनं टेबलाची कड धरली.

"आम्ही फक्त जेवायचो, मस्यू तेसिए. मी बोटीवरच्या गोष्टी सांगायचो, ती हसायची. मी तिचा हातसुद्धा कधी धरला नाही."

हे सांगताना फिर्मां मला म्हणाला, "धरला असता तर बरं झालं असतं. भांडायला काहीतरी मिळालं असतं."

"तिला इथला मासा आवडायचा," फिर्मां त्याला म्हणाला. आपण असं का बोललो ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

ब्रेव्हांनं पलीकडच्या ताटाकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "तिला मासा आवडत नाही."

"दर शुक्रवारी खायची ती माझ्याबरोबर."

"हो," ब्रेव्हां म्हणाला. "खायची."

फिर्मां काउंटरपाशी आला.

"तुम्हाला दोघांना माहीत होतं."

जिल्बेर स्वयंपाकघरात निघून गेला. मादाम इव्हेत राहिली.

"इथं कोण कोणाबरोबर जेवतं ते आम्ही बघतो, सांगत नाही," ती म्हणाली. "तुमचंही कोणाला सांगितलं नसतं."

"माझं सांगण्यासारखं काय होतं?"

"काहीच नव्हतं. तेच ती म्हणायची."

ते ऐकून तो दाराकडे वळला. मादाम इव्हेत काउंटर सोडून त्याच्या मागे आली. तिनं त्याच्या बाहीला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मस्यू तेसिए, तुम्ही झटकू दिला नाहीत म्हणून हे चाललंय. मंगळवारी तो तिकडे नेऊन ठेवायचा मला धीर होत नाही. तुम्ही हो म्हणा, मी आत्ता जाऊन तो उचलते, दारात झटकते. ती जाईल. त्याच्याकडूनही जाईल."

फिर्मां दारात उभा राहिला. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी त्यानं बघितलं. कोपऱ्यात ब्रेव्हां हसत होता. रिकाम्या खुर्चीपुढचा ग्लास...

निम्मा झाला होता.

"नको," फिर्मां म्हणाला.

म्हणजे बघा. ती परक्या माणसाबरोबर बसते हे चालेल, पण ती नसलेली चालणार नाही. त्या दिवशी त्याला हेच एक कळलं.

तो बाहेर थांबला. ब्रेव्हां टोपी घालून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर चर्चपर्यंत चालत गेला.

"मला एक मंगळवार द्या," फिर्मां म्हणाला.

"ती माझी नाही, देऊन टाकायला."

"खुर्ची द्या मग. तुमची. एक दिवस."

ब्रेव्हां चर्चच्या पायरीवर टेकला. त्याला धाप लागली होती. "तुम्हाला काय पाहिजे तिच्याकडून? हिशोब?"

"नाही. माझ्यासमोर बसून जेवू दे. एवढंच."

ब्रेव्हांनं खूप विचार केला. मग म्हणाला, "पुढच्या मंगळवारी मी येणार नाही. माझ्या खुर्चीवर बसा. तिचं ताट आधी मागवा. आणि वर बघू नका, मी कधी बघत नाही. बोलत राहा. ती ऐकायला येते."

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगू? नवरा तुम्ही."

तो मंगळवार. ऊन होतं म्हणालो ना, तोच.

फिर्मांनं दाढी केली, लग्नात घातलेला कोट काढला. तो घट्ट झाला होता, तरी घातला. कोपऱ्यात ब्रेव्हांच्या खुर्चीवर जाऊन बसला.

"दोन बीफ," तो जिल्बेरला म्हणाला. "तिचं आधी."

जिल्बेरनं एकही टोमणा मारला नाही. तिचं ताट ठेवलं, मग त्याचं. मादाम इव्हेतनं सोलांजचा नॅपकिन आणून ठेवला आणि पटकन मागे झाली.

फिर्मांनं मान खाली घातली.

स्वयंपाकघराचं दार उघडत होतं, मिटत होतं. शेजारच्या टेबलावर दोन बायका सुनेबद्दल बोलत होत्या. काटे, सुऱ्या, ताटं. सगळे आवाज होते.

मग त्यातला एक आवाज वेगळा झाला...

समोरची खुर्ची फरशीवर सरकली. आत सरकली.

फिर्मांनं वर बघितलं नाही. त्याला फक्त टेबलाची पलीकडची कड दिसत होती.

नॅपकिनचं टोक... हळूहळू सुटलं. गुंडाळी उलगडली. नॅपकिन कडेवरून खाली उतरला, मांडीवर घेतात तसा.

टोपलीतला पाव हलला. मऊ गर निघाला. बोटं दिसत नव्हती. गर निघताना दिसत होता.

ती आली होती.

ती त्याच्यासमोर जेवत होती. रस्सा कमी होत होता. त्याला तिच्या साबणाचा वास आला. आठ महिने घरातल्या उशांमध्ये तो जो शोधत होता, तो. त्याच्या डोळ्यांतून पाणी त्याच्याच ताटात पडत होतं.

बोलत राहा, ब्रेव्हां म्हणाला होता.

पण फिर्मांला बोलायला काही सापडेना. इतकी वर्षं तिच्यासमोर बसून जेवला होता, आणि एक गोष्ट सापडेना. बोटीवर तो कधी गेला नव्हता. काचा बसवल्या, पुट्टी लावली, घरी आला. ती कशाला हसते हेही त्याला आठवेना.

समोर पावाचा तुकडा हवेत थोडा थांबला. जणू ती वाट बघत होती.

शेवटी त्यानं जे येत होतं ते म्हटलं.

"सोलांज."

आणि सगळं थांबलं.

पावाचा तुकडा ताटात पडला.

बराच वेळ काही हललं नाही. फिर्मांला कळलं, आता ती बघतेय. मान खाली असूनही त्याला कपाळावर ते कळत होतं. पहिल्यांदाच ती समोर कोण बसलंय ते बघत होती.

"मीच आहे," तो म्हणाला. "बस. जेव."

खुर्ची मागे सरकली...

जोरात. शेजारच्या दोन्ही बायकांनी वळून बघितलं.

फिर्मांनं तेव्हा मान वर केली. समोर कोणी नव्हतं. नॅपकिन जमिनीवर पडला होता. टेबलांच्या मधून काहीतरी दाराकडे जात होतं. दिसत नव्हतं, पण एका माणसानं आपली खुर्ची पुढे ओढून वाट दिली, आणि मग आपण कोणाला वाट दिली ते बघायला वळला.

जिल्बेर दारापाशी होता, हातात चार ताटं. तो भिंतीला टेकून बाजूला झाला. त्यानं दार पाठीनं ढकलून धरलं. आयुष्यभराच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "या पुन्हा, मादाम."

मग त्याच्या हातातली ताटं पडली.

पुढच्या मंगळवारी ब्रेव्हां आला. दोन ताटं मागवली. दुसरं गार झालं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही गार झालं.

मग तो एका शुक्रवारी आला आणि आरशाखाली फिर्मांसमोर उभा राहिला. काही आठवड्यांतच म्हातारा निम्मा झाला होता.

"काय केलंत तुम्ही?"

"नाव घेतलं तिचं."

"आणि?"

"आणि काही नाही."

"माझ्याकडून नेलीत तुम्ही तिला."

"नेली असती," फिर्मां म्हणाला, "तर माझ्याकडे असती."

ब्रेव्हां नंतर तिथं दिसला नाही. फिर्मांही आता जात नाही. घरीच अंडं उकडून खातो.

हे सगळं त्यानं मला सांगितलं ते माझी बायको, म्हणजे त्याची बहीण, गेली त्या आठवड्यात. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसलो होतो. दुपारच होती. मी त्याला म्हणालो, ती तुला घाबरली असेल. मेलेली माणसं आवाजाला बिचकतात म्हणतात.

तो नाही म्हणाला.

"तिनं मला ओळखलं म्हणून ती उठली. मी कोणी परका असतो ना, तर ती बसली असती."

तो घरी निघून गेला. मी टेबल पुसलं. आणि तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

आमच्या भागातला बाजार बुधवारी भरतो. माझी बायको गुरुवारीही पिशवी घेऊन बाजारात जायची. येताना पिशवीत फारसं काही नसायचं. मी कधी विचारलं नाही.

आता विचारायला कोणी नाही.

गुरुवारी दुपारी मी घरातच बसतो. खिडकीचा पडदा ओढून घेतो. रस्त्यावरून कोण चाललंय, कोणाबरोबर चाललंय... ते मला बघायचं नाही.